घोड्यांचा वैद्य आणि हवेचे चाक

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोड नदीच्या खोऱ्यात, मंचर हे आंबेगाव तालुक्यातील मोठे बाजारपेठेचे गाव आहे. सातगाव पठारावरील बटाटा, आसपासच्या मळ्यांतील कांदा आणि तरकारी येथील बाजार समितीच्या आवारात येते व मालमोटारींत भरून दूरदूरच्या शहरांकडे रवाना होते. अशी एखादी मालमोटार उभी असताना तिच्या चाकांकडे कधी निरखून पाहा. टायरच्या काळ्या अंगावर अक्षरे व अंक उठावाने कोरलेले दिसतील : १०.०० आर २० १४६/१४३ के. पुष्कळांना ती कारखान्याची काही खासगी खूण वाटते व ते तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः हे टायरचे स्वतःविषयीचे निवेदन असते. आपण किती ओझे पेलू शकतो आणि ते घेऊन किती वेगाने धावू शकतो, हे त्याने त्या चार-दोन अक्षरांत सांगून ठेवलेले असते. ही भाषा कशी वाचावी ते पुढे येईलच. परंतु ज्या गृहस्थाच्या खटाटोपामुळे असे टायर जगाच्या व्यवहारात आले, त्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे. त्याचे नाव जॉन बॉयड डनलॉप. तो यंत्रविशारद नव्हता, कारखानदारही नव्हता. तो गुराघोड्यांचा वैद्य होता.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतकऱ्याच्या मुलाला जनावरांची जात, त्यांची दुखणी आणि त्यांची ताकद यांची पारख आपोआप होते. पुढे एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी विशीच्या आतच पदवी मिळविली आणि त्याच नगरात सुमारे दहा वर्षे व्यवसाय केला. १८६७ साली ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक या गावी त्यांनी आपल्या बंधूंसमवेत पशुचिकित्सालय चालविले, व नंतर बेलफास्ट शहरात आपले ठाण मांडले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. १८८० नंतरच्या दशकात बेलफास्टमधील त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुचिकित्सालयांपैकी एक गणला जाई. स्वभावाने ते शांत व अबोल असत. लांब पांढरी दाढी असलेली त्यांची मुद्रा पुढे जगभर ओळखीची झाली. मात्र ती प्रसिद्धी त्यांना सुखाची ठरली नाही.

त्या काळी मोटारी नव्हत्या. शहरातील सारी वाहतूक घोड्यांच्या जिवावर चाले. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांनी बांधलेले होते व त्यांवरून लोखंडी पट्टीची चाके खडखडाट करीत जात. आपल्याकडील बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतालचा लाकडी घेर आणि त्या घेरावर लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव. ही धाव चाकाला घट्ट आवळून धरते व लाकूड झिजू देत नाही. परंतु तिच्यात लवचिकपणा मुळीच नाही. वाटेतला प्रत्येक खडा चाकाला वर उचलतो, गाडी त्यावर चढते आणि लगेच खाली आपटते. हे चढणे आणि आपटणे यांत जी शक्ती वाया जाते ती कोठून येते? ती बैलाच्या किंवा घोड्याच्या खांद्यातून येते. दगडी रस्त्यांवर राबणाऱ्या घोड्यांचे पाय आणि खांदे ज्याने वर्षानुवर्षे तपासले, त्याच्या मनात चाकाविषयी विचार यावा यात आश्चर्य नाही. रबरही त्यांच्या परिचयाचे होते. अमेरिकेत चार्ल्स गुडइअर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधून काढली होती. तेव्हापासून रबर थंडीत कडक होईना व उन्हात चिकट होईना. सायकलींच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवू लागले होते. पण ती लोखंडापेक्षा थोडीशीच बरी होती.

१८८७ साली डनलॉप यांचा मुलगा जॉनी नऊ वर्षांचा होता. त्याच्याजवळ एक तीनचाकी सायकल होती. भरीव रबराच्या त्या चाकांनी दगडी रस्त्यावर चालताना त्याला फार हादरे बसत. वडिलांनी मनाशी विचार केला : चाक आणि रस्ता यांच्यामध्ये अशी एखादी गोष्ट ठेवता आली की जी खड्यापुढे स्वतः दबेल व खडा मागे पडताच पुन्हा पूर्ववत होईल, तर गाडीला वर उचलले जाण्याचे कारणच उरणार नाही. अशी गोष्ट हवेखेरीज कोणती असणार!

मग त्यांनी घरातच प्रयोग मांडला. सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी त्यांनी तयार केली. पातळ रबराचा तुकडा चिकटवून त्याची लांब नळी केली, ती तबकडीच्या कडेभोवती बसविली आणि वरून कापडाचे वेष्टण देऊन ते कडेला ठोकून टाकले. नळीत हवा भरण्यासाठी चेंडूत हवा भरण्याचा पंप वापरला. हवा परत येऊ न देणारी झडप त्या वेळी नव्हती; हवा भरल्यावर तोंड दोऱ्याने बांधून टाकले इतकेच. नंतर त्यांनी जॉनीच्या सायकलीचे एक चाक काढले व ते आणि ही तबकडी अंगणातून एकामागून एक घरंगळत सोडली. सायकलीचे चाक थोडे अंतर जाऊन डगमगले व आडवे पडले. हवेची तबकडी मात्र सारे अंगण ओलांडून गेली आणि पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळून उलट उडाली. दोन्हींना दिलेला जोर सारखाच होता. ज्याने हा फरक डोळ्यांनी पाहिला त्याला गणिताचा आधार घ्यावा लागला नाही.

यानंतर त्यांनी सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना हवेच्या धावा बसवून दिल्या, आणि १८८८ च्या आरंभी जॉनी बेलफास्टच्या रस्त्यांवर त्या चाकांनी फिरू लागला. हवेवर स्वारी करणाऱ्या आरंभीच्या माणसांत या मुलाचे नाव घ्यावे लागेल. वडिलांनी त्याच वर्षी एकस्व मिळविण्यासाठी अर्ज केला व ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना ते प्राप्त झाले. एकस्व म्हणजे एखादी नवी युक्ती काही वर्षे स्वतःच वापरण्याचा सरकारने दिलेला हक्क. या हक्काची पुढे काय गत झाली ते आपण पाहू.

नवी वस्तू दिसली की लोक प्रथम हसतात. फुगीर रबराची ती जाडजूड चाके पाहून सायकलस्वारांनीही थट्टाच केली. परंतु बेलफास्टमधील एका सायकल मंडळाचा प्रमुख विली ह्यूम याने तशी सायकल विकत घेतली आणि १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील शर्यतींत तो तिच्यावर बसून उतरला. त्याची गणना फार नामांकित शर्यतपटूंत होत नव्हती. तरी त्या दिवशी त्याने नावाजलेल्या स्वारांना मागे टाकले. पुढे इंग्लंडात लिव्हरपूल येथेही तसेच घडले. हरलेल्यांत डब्लिनचे व्यापारी हार्वे दु क्रॉ यांचे पुत्र होते. मुलांच्या पराभवाने दु क्रॉ रुसले नाहीत. चतुर व्यापाऱ्याप्रमाणे त्यांनी पराभवाचे कारण विकत घेण्याचे ठरविले. १८८९ मध्येच डब्लिन येथे हवेच्या टायरचा कारखाना चालविण्यासाठी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले एकस्व तिच्या स्वाधीन केले व त्याबद्दल त्यांना कंपनीचे १,५०० भाग मिळाले.

आणि येथेच एक विलक्षण घटना घडली. एकस्व मिळून दोन वर्षे होत आली असताना सरकारी कचेरीतून डनलॉप यांना असे कळविण्यात आले की त्यांचे एकस्व ग्राह्य नाही. कारण ही कल्पना दुसऱ्या एका माणसाने जवळजवळ पंचेचाळीस वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. तो माणूसही स्कॉटलंडचाच होता. त्याचे नाव रॉबर्ट विल्यम टॉमसन. १८४५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने हवेच्या चाकाचे एकस्व घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे आवरण अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्यांच्या गाड्यांना अशी चाके लावून त्याने ती चालवूनही दाखविली होती. पण सायकली अद्याप जन्मावयाच्या होत्या, मोटार तर फारच दूर होती, आणि पातळ रबर दुर्मिळ व महाग होते. लोकांनी त्याचे कौतुक केले व ते त्याला विसरले. टॉमसन भरीव रबराकडे वळला. त्याने रस्त्यावरून चालणारी वाफेची इंजिने केली, व त्या प्रकारची इंजिने १८७० नंतरच्या काही वर्षांत हिंदुस्थानात पंजाबातील रस्त्यांवरही चालविली गेली. १८७३ मध्ये तो वारला. बेलफास्टच्या अंगणातील प्रयोगाच्या वेळी डनलॉप यांना त्याच्या कार्याची वार्ताही नव्हती.

मग हवेच्या टायरचा शोध कोणाचा म्हणावयाचा? प्रथम कल्पना सुचण्याचा मान टॉमसनचा आहे. तो कोणीही त्याच्यापासून हिरावून घेऊ नये. परंतु शोधाला जशी बुद्धी लागते तसा काळही लागतो. डनलॉप यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे, आपल्या हातांनी, आणि लोकांना तिची गरज उत्पन्न झाली त्या क्षणी केली. माझ्या मते जगात टायर रूढ झाला तो त्यांच्यामुळेच, आणि टॉमसनची आठवण पुन्हा उजळली तीही एका परीने त्यांच्यामुळेच.

हक्क हातचा गेला तरी कंपनी बुडाली नाही. इतरांच्या सुधारणांचे हक्क मिळवून तिने आपला पाया पक्का केला. आरंभीचा टायर चाकाला कायमचा चिकटविलेला असे. काटा शिरला तर सारे वेष्टण सोलून काढावे लागे. वेल्श नावाच्या संशोधकाने टायरच्या दोन्ही कडांत तार घालून तो रिममध्ये अडकविण्याची व पुन्हा काढण्याची सोय केली. बार्टलेट याने हेच काम दुसऱ्या तऱ्हेने साधले. वूड्स याने १८९१ च्या सुमारास हवा आत घेणारी पण बाहेर न सोडणारी छोटी झडप बनविली. तिचीच वंशज झडप आपल्याकडील साध्या सायकलींच्या ट्यूबला आजही दिसते. रिम, टायर, ट्यूब, व्हॉल्व्ह हे जे शब्द पंक्चरच्या दुकानात आपल्या कानांवर पडतात ते सारे त्या पाच-सात वर्षांतील धडपडीचे फळ होय. त्यानंतर लवकरच फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९५ साली मोटारीला हवेचे टायर बसवून तिला पॅरिस ते बोर्डो व परत अशा शर्यतीत उतरविले. वाटेत टायर पुष्कळदा फुटले, पण मोटार आणि हवा यांची गाठ पडली ती कायमची.

या यशाला एक काळी बाजूही आहे व ती लपविणे योग्य नव्हे. टायरला लागणारे रबर प्रथम जंगलातील झाडांपासून मिळे. मागणी एकाएकी वाढली तेव्हा आफ्रिकेतील काँगोमध्ये तेथील रहिवाशांवर रबर गोळा करण्यासाठी अमानुष जुलूम झाले. पुढे मलाया, सिंहल इत्यादी देशांत रबराच्या लागवडी वाढल्यावर जंगलातील रबराची गरज संपत गेली.

आता टायरच्या अंगावरील अक्षरांकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढील सर्व सुलभ होईल. गाडीचे ओझे कोण उचलते? टायरचे रबर, असे सहज उत्तर येईल. ते बरोबर नाही. ओझ्याचा फार मोठा भाग आत कोंडलेली हवा उचलते. रबर व त्यातील धागे यांचे काम त्या हवेला कोंडून धरण्याचे आहे. मालमोटारीच्या एका टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो इतक्या दाबाची हवा आहे असे समजा. पंपावरच्या भाषेत ही सुमारे ११४ पौंड हवा झाली. त्या टायरवर २,४०० किलो भार पडला, तर २,४०० ला ८ ने भागून येणारी ३०० चौरस सेंटिमीटर एवढी जागा रस्त्याला टेकेपर्यंत टायर दबेल व तेथे थांबेल. भार ३,२०० किलो केला तर टेकणारी जागा ४०० चौरस सेंटिमीटर होईल. म्हणजे टायर अधिक चपटा होईल. आता भार मूळचा २,४०० किलोच ठेवा व हवा मात्र ८ वरून ६ वर येऊ द्या. भागाकार करून पाहा : पुन्हा ४०० चौरस सेंटिमीटर! हा हिशेब स्थूल आहे, कारण टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात. तरी त्यातून दिसणारे सत्य स्थूल नाही. अधिक ओझे लादणे आणि हवा कमी ठेवणे या दोन चुका टायरच्या दृष्टीने एकच आहेत. दोन्हींत टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक वाकतो, आणि तार वारंवार वाकविली असता जशी तापते तसा तो आतून तापतो. वैशाखाच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, भरल्या गाडीने वेग घेतला म्हणजे ही उष्णता बाहेर पडण्यास अवकाश मिळत नाही. आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि अखेर टायर फुटतो. मंचरहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला वाटेत खेडचा घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी पुढचे टायर फुटले तर सुकाणू चालकाच्या ऐकण्यात राहत नाही.

म्हणून कारखानदार टायरची मर्यादा त्याच्या अंगावरच लिहून ठेवतो. आरंभी आपण पाहिलेली ओळ घ्या : १०.०० आर २० १४६/१४३ के. पहिला अंक टायरची रुंदी सांगतो. ती सुमारे १० इंच आहे. शेवटचा २० हा रिमचा व्यास असून तोही इंचांतच आहे. मधले आर हे अक्षर रेडियल या शब्दाचे आद्याक्षर होय. जुन्या घडणीच्या टायरमध्ये आतील धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे असत. तेथे आर ऐवजी नुसती आडवी रेघ असे. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखे जातात आणि माथ्याभोवती पोलादी तारांचा पट्टा असतो. असा टायर कमी तापतो व अधिक टिकतो. कित्येक टायरांवर १६ पी. आर. असेही लिहिलेले आढळते. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर घालीत व जितके थर तितका हा आकडा असे. हल्ली सुताची जागा नायलॉन व पोलाद यांनी घेतली आहे. त्यामुळे १६ म्हणजे १६ थर नव्हेत, तर १६ सुती थरांच्या तोडीचे बळ असा त्याचा अर्थ राहिला आहे. जुना शब्द टिकला, आशय बदलला. भाषेत असे नेहमीच घडते.

त्यापुढील १४६/१४३ हे भारदर्शक अंक आहेत. ते किलो नव्हेत, हे ध्यानात ठेवा. साऱ्या जगाने मान्य केलेल्या एका कोष्टकात प्रत्येक अंकासमोर वजन दिलेले असते. ७६ या अंकासमोर ४०० किलो, १०० समोर ८०० किलो, १२४ समोर १,६०० किलो. म्हणजे अंक २४ ने वाढला की वजन दुप्पट होते. १४६ म्हणजे ३,००० किलो व १४३ म्हणजे २,७२५ किलो. एकाच टायरला दोन अंक का? मालमोटारीच्या पुढच्या आसावर प्रत्येक बाजूस एकच टायर असतो. मागील आसावर मात्र दोन टायर खांद्याला खांदा लावून जोडीने असतात. जोडीतील दोघांवर भार नेहमी सारखा पडत नाही. रस्ता मधे उंच व कडेला उतरता असतो, एकात हवा थोडी कमी असते, आणि दोघांच्या फटीत खेळता वारा नसल्याने ते अधिक तापतात. यासाठी एकट्याने असताना ३,००० किलो पेलणाऱ्या टायरला जोडीत २,७२५ किलोच द्यावेत असा नियम आहे. शेवटचे के हे अक्षर वेगाचे : हा भार घेऊन ताशी ११० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ नये. लहान मोटारींच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच अशी ओळ असते. तेथे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५, रिमचा व्यास १५ इंच, भार ५६० किलो आणि वेगाची मर्यादा ताशी २१० किलोमीटर असते.

एक उदाहरण करून पाहू. दोन आसांच्या मालमोटारीस वरील जातीचे सहा टायर आहेत. पुढचे दोन मिळून ६,००० किलो पेलतील व मागचे चार मिळून १०,९०० किलो. एकूण १६,९०० किलो. गाडीचे स्वतःचे वजन ६,२०० किलो धरा. बटाट्याचे एक पोते ५० किलोंचे धरले तर २०० पोत्यांचे १०,००० किलो होतात. बेरीज १६,२०० किलो. टायर आपल्या मर्यादेत आहेत. आता भाड्याच्या लोभाने आणखी ४० पोती वर रचली. बेरीज १८,२०० किलो झाली व टायरची मर्यादा १,३०० किलोंनी ओलांडली गेली. त्यातही पोती मागच्या बाजूस अधिक रचली, तर सारा जादा भार त्या चार टायरांवरच येतो. अशा दोन आसांच्या गाडीला कायद्याने पूर्वी १६,२०० किलोंची मर्यादा होती. २०१८ साली केंद्र शासनाने मालवाहू गाड्यांच्या वजनमर्यादा वाढविल्या. परंतु कायद्यातील अंक वाढला म्हणून टायरवरील अंक वाढत नाही. दोहोंपैकी जो लहान असेल तोच आपल्या गाडीचा खरा अंक समजावा.

टायरचे वयही त्याच्या अंगावर असते. एका लंबगोलात चार अंक दिसतील. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. न वापरताही रबर म्हातारे होते, हे जुने टायर स्वस्तात विकत घेणाऱ्याने विसरू नये. आणि हवा तपासावयाची ती चाके थंड असताना, प्रवासाच्या आधी. मजल मारून आल्यावर तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो. ती हवा जास्त झाली असे समजून काढून टाकली, तर थंड झाल्यावर टायरमध्ये आवश्यक तेवढीही हवा उरत नाही.

डनलॉप यांच्या चरित्राचा शेवटचा भाग थोडक्यात सांगता येतो. त्यांनी बेलफास्टचा दवाखाना सोडून डब्लिन गाठले. कंपनी झपाट्याने वाढत होती, पण तिचे सूत्रचालन दु क्रॉ यांच्या हाती होते आणि व्यापाराच्या त्या धकाधकीत पशुवैद्याचे मन रमले नाही. १८९५ मध्ये त्यांनी कंपनीचा संबंध सोडला. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी एका सावकारी व्यवहारात ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या अफाट रकमेशी डनलॉप यांचा संबंध उरला नव्हता. त्यांचे नाव आणि त्यांची दाढीधारी मुद्रा मात्र व्यापारचिन्ह म्हणून कंपनीकडेच राहिली. जाहिरातींतून ती मुद्रा उंच टोपी आणि झकपक पोशाख चढवून मिरविली जाऊ लागली, तेव्हा साध्या राहणीच्या या माणसाला ते रुचले नाही व त्यांनी त्याविरुद्ध हरकत घेतली. उर्वरित आयुष्यात कापडाच्या एका व्यापारी पेढीत त्यांनी थोडेफार लक्ष घातले, एवढेच. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कन्येने तो प्रसिद्ध केला.

त्यांच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये हुगळीच्या काठी साहागंज येथे टायरचा कारखाना काढला. तो भारतातील पहिला टायरचा कारखाना होय. पुष्कळ वर्षे चालून तो पुढे बंद पडला. दरम्यान इतरत्र हा धंदा वाढला. १९५८ मध्ये मुंबईत सिएट कंपनी स्थापन झाली. आज मंचरवरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला नाशिक येथे आणि दुसऱ्या बाजूस चाकण येथे टायरचे मोठे कारखाने आहेत.

साहागंजच्या कंपनीने मोटारींबरोबर बैलगाडीचाही विचार केला व बैलगाडीसाठी खास हवेची चाके बाजारात आणली. लोखंडी धावेमुळे चाकोऱ्या पडून रस्ते उखडत. ते या चाकांनी थांबले. उत्तर हिंदुस्थानात कित्येक ठिकाणी लोक अशा गाडीलाच डनलप म्हणू लागले. चांगल्या रस्त्यावर ही गाडी ओढण्यास बैलाला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. मात्र जोर कमी लागतो हे कळताच गाडीवानाने ओझे वाढविले, हेही खरे. जुन्या गाडीत मावणार नाही असा दोन-अडीच टन ऊस टायरच्या गाडीत भरतात. कारखान्यांच्या गळीत हंगामात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, ऊसपट्ट्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या मागून अशा गाड्या अजूनही संथपणे जाताना दिसतात. त्यांच्या चाकांवरही भाराचा अंक असतो. तो बहुधा चिखलाने झाकलेला असतो.